वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट : पारख आणि सफाई

कॅव्हन्साइट हे खनिज पहिल्यांदा १९६७ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सापडलं, पण त्याचे टपोरे, गडद निळे गोंडे (सुईसारख्या स्फटिकांचे झुपके) पाहावेत ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट मिळून हे नाव झालं, निळाई व्हॅनेडियमची. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपलं आणि त्यातून स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर हे गोंडे वाढले.

नमुना विकत घेताना आधी गोंड्याचं बूड बघा. सुटा पडलेला गोंडा दुसऱ्याच स्टिल्बाइटवर चिकटवून विकतात, आणि फसवणूक होते ती इथेच. दहापट भिंगाखाली धरा. अस्सल नमुन्यात निळ्या सुया आणि पांढरी पाती एकमेकांत घुसलेली दिसतात. डिंक असेल तर बुडाशी चकचकीत कडा, बारीक बुडबुडे किंवा अडकलेली दगडाची पूड दिसते. अंधारात अतिनील टॉर्च मारा. बरेच डिंक निळसर पांढरे चमकतात. मात्र चमकलं नाही म्हणजे डिंक नाही, असं धरू नका. काही डिंक चमकतच नाहीत, म्हणून भिंगावर जास्त भरवसा ठेवा.

धूळ रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवा. ब्रश लावायचाच तर मऊ घ्या आणि तो फक्त स्टिल्बाइटवर फिरवा; गोंड्याच्या सुया ब्रशनेही तुटतात आणि तुटलेली सुई परत बसत नाही. माती चिकटली असेल तर नमुना साध्या तापमानाच्या डिस्टिल्ड पाण्यात दहा मिनिटं ठेवा, हलकेच विसळा, सावलीत वाळवा. बोअरचं पाणी नको, वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात. माती पहिल्या खेपेला निघाली नाही तर पुन्हा भिजवा, खरवडू नका.

व्हिनेगर, लिंबू, हायड्रोक्लोरिक आम्ल यांपैकी काहीही वापरू नका. नमुन्यावरचं कॅल्साइट हे खनिज आम्लात विरघळतं खरं, पण गोंडा त्याच कॅल्साइटवर बसलेला असेल तर तोही सुटतो, आणि स्टिल्बाइटची झळाळी जाते ती वेगळीच. अल्ट्रासॉनिक यंत्राच्या कंपनांनी गोंडे गळतात. हेअर ड्रायरही टाळा : या खनिजाच्या रचनेतच पाणी आहे, तापवलं की ते निघून जातं.

अंगठीत बसवायचा विचार सोडा. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स मापावर (१ ते १०) नीलमचा कठीणपणा ९, याचा जेमतेम ३ ते ४, त्यात ठिसूळ. झाकणाच्या डबीत, तळाशी पुट्टी लावून कातळाच्या बाजूने बसवा आणि उचलतानाही बोटं कातळावरच ठेवा.