परतीची गाडी आधी, वाट नंतर

स्वतःची गाडी नसलेल्या माणसाने डोंगरात जायचं ठरवलं की त्याचा पहिला प्रश्न असतो, "तिकडे जाणारी एसटी कितीला आहे?" मी पनवेल आगारात वाहक होते. रविवारी सकाळी पाठीला सॅक लावलेली पोरं चौकशीच्या खिडकीवर हेच विचारायची. माझं म्हणणं असं, की आधी परतीचं विचारा. "तिथून शेवटची गाडी परत कितीला सुटते?" एवढं एकदा पक्कं कळलं की सकाळी किती वाजता निघायचं, डोंगरात कुठवर जायचं आणि कुठून मागे फिरायचं, हे सगळं त्यावरून ठरवता येतं.

यात एक मेख आहे, आणि शहरातल्या माणसाला ती माहीत नसते. वेळापत्रकात गावाकडे जाणारी संध्याकाळची जी शेवटची फेरी दिसते, ती पुष्कळदा मुक्कामी असते. गाडी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे दूधवाले, कामावर जाणारे, कॉलेजची मुलं यांना घेऊन गाडी शहराकडे येते. म्हणजे सहाची गाडी गावात आलेली तुम्हाला दिसेल, पण ती त्या रात्री परतणार नाही. म्हणून खिडकीवर दोन प्रश्न विचारा: शेवटची परतीची फेरी कुठली, आणि संध्याकाळची गाडी मुक्कामी आहे का. सकाळी ज्या गाडीने जाल तिच्या कंडक्टरलाही उतरताना तेच पुन्हा विचारा. खिडकीवरचा माणूस कागद बघून सांगतो, कंडक्टर रोज त्या रस्त्याने जातो. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर कंडक्टरचं धरा.

फेऱ्या रद्द होण्याचेही दिवस असतात आणि ते आधी ओळखता येतात. गावाकडच्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात. रविवारी, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्या बंद किंवा कमी होतात. आषाढीला गाड्या पंढरपूरला जातात, गणपतीत कोकणात. त्या दिवसांत छोट्या गावांची फेरी कधी कमी होईल सांगता येत नाही. शनिवार जमत असेल तर रविवारपेक्षा शनिवार बरा. गाड्या जास्त असतात आणि वाटेवर गर्दी कमी.

आता वाटा. माझी सगळ्यात आवडती पनवेलहून धोधाणीची. एसटी पनवेल स्टँडवरून सुटते, नेऱ्यावरून, मालडुंग्यावरून पुढे जाते आणि माथेरानच्या डोंगराच्या थेट पायथ्याशी सोडते. नेरे मागे पडलं की इमारती संपतात आणि गाढी नदी सोबतीला येते. हीच नदी पुढे पनवेलजवळून वाहते. पनवेलच्या पुलावरून तिचं पाणी बघणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण इथे पावसाळा संपल्यावर तळाचे गोटे मोजता येतात इतकं ते नितळ असतं. गाढेश्वरचं धरण याच नदीवर आहे.

धोधाणीतून वर जाणारी वाट माथेरानच्या सनसेट पॉइंटला निघते. गावातली माणसं या वाटेने दूध-भाजी घेऊन माथेरानला जात आली आहेत, त्यामुळे दगड पायांनी गुळगुळीत झालेले आहेत. गुळगुळीत दगड आणि मध्ये उघडी पडलेली माती दिसत राहिली तर तुम्ही बरोबर आहात. वाट अरुंद झाली, पायाखाली पाला साचलेला दिसला आणि फांद्या तोंडावर यायला लागल्या, की ती गुरांची वाट समजा आणि मागच्या फाट्यापर्यंत परत या. गुरं चरायला जातात, माथेरानला जात नाहीत.

रस्ता विचारायचीही पद्धत असते. "ही वाट वर जाते ना?" असं विचारलंत तर समोरची बाई तुमचा मान ठेवून "हो" म्हणेल. तिच्या लेखी सगळ्याच वाटा वर जातात. "ही वाट कुठं जाते?" असं विचारा, म्हणजे उत्तर तिचं असेल, तुम्ही तिच्या तोंडी घातलेलं नसेल. आणि बोलायला आधी थांबा. चालता चालता, कानात गाणी लावून हाक मारू नका. मावशी, दादा, काका असं म्हणून विचारलंत तर पुढच्या झऱ्याला पाणी आहे की नाही तेही कळतं.

आता वेळेचं गणित मांडून दाखवते. समजा परतीची गाडी पाचला आहे. थांब्यावर साडेचारलाच असायचं, कारण पाचची गाडी पावणेपाचलाही निघू शकते. सवय नसलेल्या माणसाला चढायला तीन तास, उतरायला दोन. सकाळी नऊला पायथा सोडला तर बाराला वर. पाऊण तास भाकरी-चटणी, पावणेएकला उतरायला लागायचं, पावणेतीनला खाली. मग पावणेदोन तास नदीकाठी बसायला मिळतात. साडेबारा वाजले आणि कडा अजून वर दिसतोय, तर तिथूनच मागे फिरायचं, दहा मिनिटं राहिली असली तरी. माथेरान कुठे जात नाही. अंगात ताकद उरली असेल आणि चालणाऱ्यांपैकी कुणालाच परत उतरायचं नसेल तर माथेरानमधून दस्तुरी नाक्यापर्यंत, म्हणजे जिथवर गाड्या येतात तिथपर्यंत, चालत जाऊन तिथून नेरळला शेअर टॅक्सी आणि पुढे लोकल, असाही मार्ग आहे. पण तो सकाळीच ठरवून निघा. दमल्यावर ठरवलेलं बरोबर येत नाही.

नदीबद्दल नीट वाचा. गाढीचं पाणी माथेरानच्या डोंगरावरून येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि वर पाऊस पडत असेल, तर पाणी तुमच्याकडे यायला निघालेलं असतं. ते येण्याआधी खुणा करतं. नितळ पाणी गढूळ होतं, त्यावर पाला-काटक्या तरंगत येतात, आणि आवाज बदलतो, खळखळ जाऊन घुमायला लागतं. यातली एक खूण दिसली तरी चप्पल शोधत बसू नका, काठावर चढा, आणि ज्या बाजूला गाव आणि रस्ता आहे त्याच बाजूला चढा. पलीकडे अडकलात तर गाडी चुकणारच. जून ते सप्टेंबर धरणं-धबधब्यांवर उतरायला पोलीस दरवर्षी मनाई आदेश काढतात. तो मोडून जाऊ नका, खारघरच्या पांडवकड्याला तर मुळीच नाही. बस अगदी जवळ जाते, धबधबा १०७ मीटरचा आहे आणि दिसतोही देखणा, पण त्या पाण्याने फार मुलं नेली आहेत. नदीकाठच्या वाटा ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत चालाव्यात. पाणी असतं आणि ते शांत असतं.

लहान मुलं किंवा आईवडील सोबत असतील तर कर्नाळा. पनवेलपासून साधारण १२ किलोमीटर, मुंबई-गोवा महामार्गावर अभयारण्याचं फाटकच आहे. पेणकडे जाणारी साधी गाडी पकडा. लांब पल्ल्याची जलद गाडी तिथे थांबेलच असं नाही, आणि विनावाहक गाडीत तर विचारायला कंडक्टरच नसतो. म्हणून चढायच्या आधी "कर्नाळ्याला थांबणार का?" हे विचारून मगच पाय ठेवा. वाटेत शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं हे जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. मुलांना खिडकीतून गाव दाखवा, मग वर सुळका दिसला की गोष्ट आपोआप जुळते.

फाटकावर प्लॅस्टिकची झडती होते. स्टीलचा डबा आणि धातूची बाटली नेलीत तर रांगेतला वेळ वाचतो. आत हरियाल आणि मोरटाका अशा दोन सोप्या वाटा आहेत. सकाळी सातनंतर थोडा वेळ एका जागी गप्प उभं राहायचं. शीळकरी कस्तुर या पक्ष्याची शीळ एकदा ऐकली की मुलं स्वतःहून आवाज कमी करतात. किल्ल्यावर जाणार असाल तर अंगाला अत्तर-परफ्यूम नको, आणि वर धूर तर अजिबात नको. सुळक्याला आग्या मोहोळं असतात. परतताना महामार्ग घाईने ओलांडू नका. पनवेलच्या बाजूला, ड्रायव्हरला लांबून दिसाल असं मोकळ्यावर उभं राहा आणि गाडी दिसताच हात दाखवा, जवळ आल्यावर नाही. भरधाव गाडीला थांबायला अंतर लागतं.

मुलगी ठाण्यात वर्तकनगरला राहते, तिच्याकडे गेले की येऊर ठरलेलं. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेहून टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, येऊरची बस मिळते. ती उपवनच्या अंगाने घाट चढून थेट पाड्यांपर्यंत जाते. हा सगळा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडचा भाग, त्यामुळे नियम जंगलाचे. आत शिरण्याआधी वनखात्याच्या माणसांना विचारा, परवानगी असलेल्याच वाटेने जा, आणि उजेड असताना बस पकडा. इथे बिबट्या राहतो. संध्याकाळी लहान मुलाला पुढे पळू देऊ नका, एकट्याने आडोशाला बसू नका. वन्यप्राणी अडचणीत दिसला तर १९२६ हा वनखात्याचा क्रमांक आहे. पाडे म्हणजे लोकांची घरं आहेत. अंगणातून वाट जात असेल तर विचारून जा, आणि त्यांच्या पोरांचे फोटो काढू नका.

गाडीत बसताना काही गोष्टी मनावर घ्या, ही माझी कळकळीची विनंती. गावाची गाडी गावाची असते. सुट्टीच्या दिवशी ट्रेकवाल्यांनी गाडी भरली आणि भाजीची पाटी घेतलेली म्हातारी रस्त्यावर राहिली, तर तिचा त्या दिवसाचा बाजार बुडतो. मोठा गट असेल तर दोन फेऱ्यांत विभागून जा. सॅक पाठीवरून काढून मांडीवर किंवा पायाशी घ्या. चिखलाचे बूट दाराशी आपटून चढा. सुट्टे पैसे खिशात ठेवा. ऑनलाइन पैसे घेणारी मशीन आली आहेत, पण डोंगराच्या कुशीत रेंज नसते आणि दहा माणसं मागे खोळंबतात. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. ओळखपत्र सोबत ठेवा. माझ्या बरोबरीच्या कितीतरी बायका आयुष्यभर पनवेलमध्ये राहिल्या आणि समोर दिसणाऱ्या प्रबळगडाच्या पायथ्याशी कधी गेल्या नाहीत. ठाकूरवाडीला एसटी जाते. नुसतं पायथ्याच्या वाडीपर्यंत जाऊन, झाडाखाली बसून परत आलात तरी चालतं.

आणि गाडी चुकलीच तर. अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्याला लागा आणि मोठ्या गावाच्या दिशेने चालत राहा, आडवाटेने जवळचा रस्ता शोधू नका. धोधाणीकडून येत असाल तर मालडुंगे, मग नेरे. नेऱ्याला पोचलात की रिक्षा मिळते. वाटेत दुकान उघडं दिसलं तर तिथे थांबून विचारा. पनवेलकडे निघालेला टेम्पो कुठला, हे दुकानदाराला माहीत असतं, आणि तो ओळखीच्याच गाडीत बसवून देतो. रेंज आली की आधी घरी फोन करा. कुणाला लागलं असेल तर १०८ लावा, आणि ॲम्ब्युलन्सवाल्याला गावाचं नाव सांगताना सोबत शेवटच्या एसटी थांब्याचंही नाव सांगा.