गच्चीवर भुतांची रात्र करायची असेल तर

मे महिन्यात भाचरं सोलापूरला आली की आठवड्यातून एकदा आमच्या गच्चीवर पिक्चर लागतो. एक भुताचा, एक ॲनिमेशनचा. दुपारी ऊन चाळिशीच्या वर, त्यामुळे पोरं दिवसभर घरात कोंडलेली असतात, रात्री मात्र त्यांना आवरत नाही. सहा उन्हाळे झाले, चुकत चुकत शिकलेय.

आधी पडदा. चादरींचं गाव म्हणून पहिल्या वर्षी घरातलीच जेकार्डची चादर बांधली. भुताच्या कपाळावर फूल आलं आणि पोरं खिदळत बसली. मग टेरी टॉवेलचा पांढरा तागा आणला, तर त्याच्या लूपांनी उजेडच गिळला. मी शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात काज-बटणावर असते, तिथून शेवटी पांढरं पॉपलीन आणलं. दोन पन्हे जोडायचे तर शिवण आडवी आणि खालच्या बाजूला घ्या, नाहीतर ती नेमकी नायिकेच्या गळ्यातून जाते. खाली नेफा करून त्यात पाइप सरकवला की कापड वाऱ्याने फडफडत नाही. सासरे म्हणाले, पडदा ओला कर, चित्र उजळतं. केला. ओलं कापड आरपार झालं आणि निम्मा पिक्चर मागच्या पाण्याच्या टाकीवर पडला.

सहा वाजता गच्चीवर पाणी मारा, साडेसातशिवाय सुरू करू नका. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मध्ये ठेवा, पण घाबरण्याच्या प्रसंगाआधी ताट बाजूला घ्या. कडक भाकरीच्या आवाजात चाहूल ऐकू येत नाही की ओ.

आणि चाहूल हीच खरी गोष्ट आहे. स्पीकर पडद्याखाली ठेवू नका, पोरांच्या पाठीमागे ठेवा. डोळ्यांवर हात ठेवता येतो, पाठ कशी झाकणार? भुताचा पिक्चर निवडताना मी एवढंच बघते की भूत दिसायच्या आधी किती वेळ नुसतं ऐकू येतं. पहिल्या दहा मिनिटांत तोंड दाखवणारं भूत मला पाहुण्यासारखं वाटतं. दुसरी अट अशी, की भुताला काहीतरी हवं असलं पाहिजे. नुसतंच किंचाळणारं असेल तर त्याला डॉक्टरकडे न्या.

म्हणूनच मला 'तुंबाड' (२०१८) सगळ्यांत वर वाटतो. त्यातल्या हस्तरला, म्हणजे शापित देवाला, भूक आहे आणि माणसाला सोनं हवंय. कणकेच्या बाहुल्या घेऊन बाप-लेक खाली त्याच्याकडे उतरतात, तेव्हा मला हस्तरपेक्षा बापाचीच जास्त भीती वाटते. नारायण धारपांच्या कथेचं बीज त्यात आहे, तेही लागलीच कळतं, कारण भीती वाड्यातून आणि पावसातून येते. पण हा पोरांसाठी नाही. ती झोपल्यावर, मोठ्यांनीच बघायचा.

पोरांसाठी मी बाहुल्यांची जोडी लावते. आधी 'झपाटलेला' (१९९३). बोलक्या बाहुल्यांवाले रामदास पाध्ये, त्यांची बाहुली मान वळवते तेव्हा पोरं हसतात, आणि हसताहसता एकमेकांना खेटून बसतात. मला हे मिश्रण फार आवडतं, मराठी भूत जरा वात्रट असलंच पाहिजे. मागून 'कोरलाइन' (२००९) लावला आणि तिथे चुकले. कार्टून आहे म्हणून सगळे निवांत होते. त्यात दुसऱ्या जगातल्या आईच्या डोळ्यांच्या जागी बटणं आहेत, आणि ती कोरलाइनलाही बटणं शिवून घे म्हणते. मी दिवसभर बटणंच लावते. मला त्या रात्री झोप आली नाही, आणि आमचे भाऊजी, जे 'तुंबाड' बघताना घोरत होते, ते जिना उतरताना माझ्या पुढे जाईनात. खऱ्या बाहुल्या कणाकणाने हलवून केलेला पिक्चर आहे तो, कोरलाइनचा स्वेटरसुद्धा टाचणीहून बारीक सुयांवर विणलेला. विणकाम जाणणाऱ्याने त्यासाठी दुसऱ्यांदा बघावा. पण शेवटी लावू नये. बाहुल्यांची जोडी उलटी लावा.

शेवटी काय, तर जपानी 'टोटोरो' (१९८८). दीड तासाच्या आतच संपतो, आणि त्यातलं भलंमोठं केसाळ भूत पावसात बसच्या थांब्यावर उभं राहतं, एवढंच. मोठ्या पोरांना 'स्पिरिटेड अवे' (२००१) चालतो. त्यात आईबाप दुसऱ्यांसाठी मांडलेलं खातात आणि डुकरं होतात. नैवेद्याला आधी हात लावू नका हे मी जन्मभर सांगतेय, ते माझ्या भाचीला जपान्यांकडून पटलं. सबटायटल वाचायला एक खडा आवाज नेमा. आमच्याकडे मी मराठीत सांगते आणि शेजारची अक्का तिच्या नातवाला तेलुगूत, दोघींचं कधीच एका वेळी संपत नाही. 'कोको' (२०१७) मात्र सासऱ्यांसोबत बघू नका. कोणीच आठवण ठेवली नाही की मेलेला माणूस दुसऱ्यांदा मरतो, हे कळलं तेव्हा ते उठून सासूबाईंच्या फोटोवरची धूळ पुसायला खाली गेले. झेंडूच्या पाकळ्यांचा पूल त्यांचा बघायचा राहिला.

आता लाइट गेली तर. आम्ही पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहतो, रात्री कुठे ना कुठे मागाची खटखट चालूच असते. ती आपल्याला ऐकूही येत नाही, इतकी सवयीची. लाइट गेली की प्रोजेक्टरही जातो आणि मागही एकदम थांबतात. त्या शांततेपुढे कुठलाही पिक्चर फिका आहे. तेव्हा मोबाइलचा टॉर्च कुणालाही लावू देऊ नका. आवाज खाली आणा आणि गोष्ट सांगा. पांढऱ्या साडीतली बाई नको, ती आता कुणालाच घाबरवत नाही. उद्या पोरांना जिथून जायचंय तिथली गोष्ट सांगा. सासरे जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे, ते एकच सांगतात: बंद कारखान्यात मेलेल्या विणकराचा माग रात्री चालतो. सकाळी बघावं तर कापड काहीच नाही, पण धोट्यातली सुताची कांडी रिकामी. सूत गेलं कुठे, हे ते कधीच सांगत नाहीत. मी लग्न होऊन आल्यापासून विचारतेय.

संपल्यावर पडदा त्याच रात्री काढा. एकदा कंटाळून तसाच ठेवला. पहाटे तीनला पाणी आलं, माझी जाऊ टाकी बघायला एकटी वर गेली, आणि तिची किंकाळी अक्काच्या घरापर्यंत पोहोचली. जाऊ अजून त्या विषयावर बोलत नाही, पण तेव्हापासून पाणी आलं की टाकी मलाच बघावी लागते.