डीएक्स७ला ॲनालॉगची नक्कल करायला लावू नका

यामाहाचा डीएक्स७ हा सिंथेसायझर १९८३ साली बाजारात आला. त्यातून ॲनालॉग यंत्रांसारखा भरदार बेस काढू पाहणारे लोक शेवटी त्याचा आवाज पातळ असल्याची तक्रार करतात. मला ती रास्त वाटत नाही, कारण या वाद्यात फिल्टरच नाही. ॲनालॉग यंत्रात उपस्वरांनी भरलेली लहर फिल्टरने छाटून नाद घडवतात. इथे मात्र साध्या साइन लहरीपासून आरंभ होतो आणि दुसऱ्या लहरीने तिची वारंवारता वेगाने हलवली की नवे उपस्वर उत्पन्न होतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी विकसित केलेल्या या एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन) तंत्राचा परवाना यामाहाने घेतला होता.

प्रयोगाची सुरुवात रिकाम्या ‘इनिट व्हॉइस’पासून करावी, मूळ वाद्य नसल्यास डेक्स्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. या स्थितीत सहा ऑपरेटरांपैकी, म्हणजे साइन लहर निर्माण करणाऱ्या घटकांपैकी, पहिलाच ऐकू येतो. दुसऱ्याची आउटपुट लेव्हल शून्यापासून हळूहळू वाढवत नेल्यास तो स्वतः ऐकू येत नाही, पण पहिल्याचा रंग बदलत जातो. त्याचे गुणोत्तर, म्हणजे त्याची वारंवारता वाजवलेल्या स्वराच्या किती पट आहे तो आकडा, १ असताना सगळे उपस्वर मिळतात, तर २ केल्यावर केवळ विषम क्रमांकाचे उरतात आणि नाद क्लॅरिनेटसारखा पोकळ होतो.

आता ते गुणोत्तर १.४१ करावे. पहिला ऑपरेटर १०० हर्ट्झवर असेल, तर ४१, १८२, २४१, ३८२ हर्ट्झ असे घटक निर्माण होतात, त्यांपैकी एकही १००च्या पटीत बसत नाही आणि धातूचा, घंटेचा नाद उमटतो. ॲनालॉग ऑसिलेटरही एकमेकांना हलवू शकतात, परंतु त्यांचा सूर किंचित सरकला तरी हा रंग बिघडतो. ज्या काटेकोरपणाला ‘थंड’ म्हणून नावे ठेवली जातात, त्याच्याच बळावर डीएक्स७मध्ये तो प्रत्येक पट्टीवर टिकतो.

याहून मोठे सामर्थ्य बोटांच्या जोरात आहे. व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी (बोटांच्या जोराला मिळणारा प्रतिसाद) पहिल्या ऑपरेटरला १ किंवा २ आणि दुसऱ्याला ६ किंवा ७ द्यावी, म्हणजे जोरात वाजवल्यावर केवळ आवाज वाढण्याऐवजी नादाचा पोतच पालटतो. हार्मोनियमवर हात तयार झालेल्यांना याची सवय करावी लागते, कारण तिथे पट्टी कितीही जोरात दाबली तरी नाद तोच राहतो. दुसऱ्याचा एन्व्हलप (लेव्हल काळानुसार कशी चढते-उतरते त्याचा आराखडा) झटकन चढून लवकर शून्यावर येणारा आणि पहिल्याचा सावकाश ओसरणारा ठेवल्यास आघात टणक व पुढचा स्वर निर्मळ होतो.

हे साधल्यावर अल्गोरिदम, म्हणजे ऑपरेटरांच्या जोडणीची मांडणी, ५ क्रमांकाचा निवडावा, कारण त्यात दोन-दोन ऑपरेटरांच्या तीन स्वतंत्र जोड्या आहेत. एका जोडीत वरच्या ऑपरेटरला (मॉड्युलेटरला, म्हणजे जोडीदाराचा रंग बदलणाऱ्याला) १४ गुणोत्तर देऊन, त्याची लेव्हल बेताची ठेवून, इलेक्ट्रिक पियानोची किणकिण मिळवावी आणि उरलेल्या दोन जोड्यांना अगदी थोडे डीट्यून करून (सुरातून किंचित सरकवून) स्वराचा देह भरावा. वरच्या सप्तकात नाद कर्कश झाल्यास कीबोर्ड लेव्हल स्केलिंगने तिथे फक्त मॉड्युलेटरांची लेव्हल उतरवावी. कॅरिअरांना, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या ऑपरेटरांना, हात लावू नये.