नाताळच्या भेटी कशा द्यायच्या, फेडीचा हिशोब न करता

डिसेंबर लागला की आपल्या घराघरांत एक हिशोब सुरू होतो, मागच्या वर्षी मावशीकडून काय आलं होतं, वरच्या मजल्यावरच्यांनी केवढा केक पाठवला होता, मग आपण त्याहून कमी कसं द्यायचं. लग्नातल्या आहेराची वही असते ना, तशीच न लिहिलेली वही नाताळची पण असते. ती बंद कशी करायची यावर लिहितोय.

आधी बायबलातलं लूक १४:१२ ते १४ वाचा, दोन मिनिटांचं काम आहे. येशू म्हणतो जेवण घालशील तेव्हा मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, ते उलट तुला बोलावतील आणि फिटाफीट होईल, त्यापेक्षा ज्यांच्याकडे फेडायला काही नाही त्यांना बोलव. आता याचा अर्थ बहिणीला साडी घेऊ नका असा नाही हो, पण यादी करताना सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं.

यादी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी करा. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे येतो, म्हणजे हातात तीन-चार आठवडे असतात. घरातल्या सगळ्यांनी बसायचं, पोरांना पण घ्यायचं, आणि आधी एकूण रक्कम ठरवायची. ईएमआयवर किंवा क्रेडिट कार्ड ताणून भेटी घ्यायच्या नाहीत, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलंय की मनात ठरवलंय तेवढं द्या, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नको (२ करिंथ ९:७), आणि हप्त्यावर घेतलेली भेट फेब्रुवारीपर्यंत कुरकुर करायला लावतेच. रक्कम ठरली की तिचा एक भाग आधीच वेगळ्या पाकिटात काढा, जे परतफेड करू शकत नाहीत त्यांच्यासाठी. किती काढायचा याचा आकडा बायबलात नाही, मी तिसरा हिस्सा म्हणतो, ९,००० असतील तर ३,०००. उरलेल्यात घरच्यांचं बसवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, घरच्यांचं झाल्यावर उरलंसुरलं गरिबाला.

पाकीट कोणाचं? लांब जायची गरज नाही. कामाला येणाऱ्या ताई, वॉचमन, मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या आजी, सुट्टीत घरी जाऊ न शकणारा हॉस्टेलमधला पोरगा. ताईंना रोख द्या आणि १५ तारखेच्या आत द्या, २४ च्या संध्याकाळी नको, त्यांनाही आधी खर्चाचं काही ठरवता आलं पाहिजे. आणि कृपा करून जुने कपडे भेट म्हणून देऊ नका. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणाला होता ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, विटलेला तेवढा द्यावा असं काही तो म्हणाला नव्हता.

ज्या घरात यंदा कोणी गेलंय त्या घराचं नाव यादीत वर लिहा. तिथे फराळ करायचं मनात नसतं आणि लोकही 'कशाला त्रास' म्हणून जायचं टाळतात. अशा घरी वस्तू नेऊच नका, जेवणाचा डबा न्या आणि तासभर बसा.

देताना गाजावाजा नको, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे मत्तय ६:३ आपल्या सगळ्यांना पाठ आहे पण व्हॉट्सअॅप स्टेटस टाकताना आठवत नाही. ज्याला रेशन दिलं त्याची मुलगी पण त्याच युथ ग्रुपमध्ये असते, तिला काय वाटत असेल? नाव न घालता पाकीट पाळकसाहेबांकडे किंवा फादरकडे द्या, ते पोचवतात. संत निकोलसची आख्यायिका हीच तर आहे, चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप, ते गाव आजच्या तुर्कस्तानात येतं, हुंड्यासाठी पैसे नाहीत म्हणून तीन बहिणींची लग्नं अडली होती तर त्याने रात्री गुपचूप घरात सोनं टाकलं. पोरं सांताबद्दल विचारू लागली की ही गोष्ट सांगा, ६ डिसेंबरला त्याचा सण असतो तेव्हा तर नक्कीच. आणि त्यांना स्वतःचं एक खेळणं द्यायला निवडू द्या, फक्त चारही चाकं असलेलं.

शेजाऱ्यांच्या फराळाचं मात्र वेगळं आहे. गोव्यात कोंसुआद म्हणतात, नेवऱ्या, दोदोल, कुलकुलांचं ताट घरोघर जातं, आपल्याकडे पण दिवाळीच्या करंज्या येतात आणि नाताळच्या करंज्या जातात, हे चालू द्या, यात हिशोब कमी आणि जिव्हाळा जास्त असतो. फक्त दोन गोष्टी बघा. केकमध्ये रम किंवा अंडं असेल तर स्पष्ट सांगा, डिसेंबरात बऱ्याचदा मार्गशीर्षातले गुरुवार असतात आणि ताट नेमकं त्याच दिवशी गेलं तर शेजारच्या काकूंची पंचाईत होते. दुसरं म्हणजे डब्यात सुवार्तेची, म्हणजे धर्मप्रचाराची, पत्रिका सरकवू नका. काही जणांना हे पटणार नाही, पण खाऊ हा खाऊच राहू दे. कोणी स्वतःहून विचारलं तर खुशाल मराठी बायबल द्या, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल नव्या वाचकाला सोपं जातं.

उशीर झाला तरी घाबरायचं कारण नाही. मागी लोक, म्हणजे बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, गोठ्यात नाही, घरात आले असं मत्तय २:११ मध्ये आहे, म्हणजे सोनं, ऊद आणि गंधरस बहुधा जन्मानंतर बऱ्याच दिवसांनी पोचलं (आणि ते तिघेच होते असंही कुठे लिहिलेलं नाही बरं का). तेव्हा ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (एपिफनी, मागी लोकांच्या भेटीची आठवण) भेट द्यायला काहीच हरकत नाही, शिवाय २६ नंतर दुकानात बरंच काही स्वस्त मिळतं.

आता घेण्याचं. वही बंद करायला सगळ्यात जड जातं ते इथे. ताईंनी घरून चकल्या आणल्या तर 'अहो कशाला' म्हणत आत पळून त्यांचा डबा काजू-बदामांनी भरून परत देऊ नका. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली सवय आहे, पण यावेळी ती मोडली तरी चालेल. चहा टाका, त्यांना बसवा आणि चकल्या त्यांच्यासमोरच खा.