हिज्कीया राजाची कारकीर्द वाचायची तर कशी वाचायची

बायबलमधले राजे एकदा नीट वाचायचे असं ठरवून बरेच जण २ राजे (राजांचं दुसरं पुस्तक) उघडतात आणि सलग वाचत सुटतात, मग याचा बाप कोण, त्याचा मुलगा कोण, हा यहूदाचा (दक्षिणेकडचं राज्य) की इस्राएलचा (उत्तरेकडचं) असं करत चार अध्यायांत डोकं भंजाळतं आणि पुस्तक बंद. त्यापेक्षा एकच राजा धरा. मी म्हणेन हिज्कीया धरा, कारण यहूदाच्या या राजाची गोष्ट बायबलमध्येच तीन ठिकाणी आहे आणि वर त्याच्या शत्रूने कोरून ठेवलेली बाजूही वाचायला मिळते, एवढी सोय फार कमी राजांच्या बाबतीत आहे.

आधी तीन खुणा घाला: २ राजे १८ ते २०, २ इतिहास २९ ते ३२, यशया ३६ ते ३९. जवळ वही पेन असू द्या. सुरुवात २ राजे १८ पासूनच करायची. तिथे लगेच दोन आकडे येतात, २५व्या वर्षी गादीवर बसला आणि २९ वर्षं राज्य केलं, ते वहीत वरच्या बाजूला लिहून ठेवा कारण पुढे लागणारेत.

मग चौथं वचन. उच्च स्थानं (उंचवट्यांवरची पूजेची ठिकाणं) काढली, पूजेचे स्तंभ फोडले आणि मोशेने केलेला पितळी साप, ज्याच्यापुढे लोक धूप जाळायला लागले होते, तोसुद्धा फोडून टाकला. राजेमध्ये एवढी मोठी सुधारणा एका वचनात उरकलीय आणि इतिहासमध्ये तेच तीन अध्याय चालतं, मंदिराची साफसफाई, दुसऱ्या महिन्यात केलेला वल्हांडण सण (मिसरातून सुटकेची आठवण) वगैरे. पहिल्यांदा वाचताना ते तीन अध्याय भरभर वाचले तरी चालतील, फक्त वल्हांडणाचं आमंत्रण उत्तरेकडच्या लोकांनाही गेलं होतं ते बघून ठेवा.

आता खरी थांबायची जागा, २ राजे १८:१३ ते १६. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाची तटबंदीची नगरं घेतो आणि हिज्कीया लाखीशला (यहूदाचंच शहर, सन्हेरीब तेव्हा तिथे होता) निरोप पाठवतो की माझी चूक झाली, तू लादशील ते मी देतो. ३०० किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि ३० किक्कार सोनं. त्यासाठी त्याने मंदिराच्या दारांवरचा सोन्याचा पत्रा उतरवून दिला. आता यशया ३६ शेजारी उघडून बघा, पहिलं वचन जवळपास तेच आहे आणि पुढचा हा खंडणीचा सगळा भाग गायब! इतिहासमध्येही नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं फक्त यशयामधूनच हे वाचत होतो त्यामुळे हा राजा एकदा वाकला होता हे मला माहीतच नव्हतं, आणि कळल्यावर तो मला जास्त जवळचा वाटायला लागला, खरंच.

इथेच सन्हेरीबची बाजू घ्या. ही इ.स.पू. ७०१ ची मोहीम. त्याच्या मातीच्या लेखात ४६ तटबंदीची नगरं घेतली, हिज्कीयाला यरुशलेममध्ये पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं असं आहे, सोनं तेच ३० पण चांदी मात्र ८००. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यरुशलेम घेतलं असं तो कुठेच म्हणत नाही. लाखीश पडल्याची दृश्यं मात्र त्याने त्याची राजधानी निनवेच्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, फोटो नक्की बघा.

मग यरुशलेमपुढे आलेला सन्हेरीबचा अधिकारी रब्शाके, त्याचं भाषण सावकाश वाचा, मोठ्याने वाचलं तर उत्तमच. हिज्कीयाचे अधिकारी त्याला विनवतात की अरामी भाषेत बोल, आम्हाला कळते, तटावर लोक ऐकतायत. तर तो मुद्दाम आणखी मोठ्याने त्यांच्याच भाषेत ओरडतो. आणि लोक? राजाने सांगितलंय म्हणून गप्प, एक शब्द नाही. तो तट, ती शांतता, माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

पुढे १९व्या अध्यायात अश्शूरचा तळ उद्ध्वस्त होतो आणि लगेच सन्हेरीबचा त्याच्या मुलांच्या हातून खून होतो. लगेच म्हणजे वाचताना लगेच, खून इ.स.पू. ६८१ चा आहे, मध्ये २० वर्षं गेलीत.

आता वही काढा. २०व्या अध्यायात आजारपण येतं आणि देव १५ वर्षं वाढवून देतो. २९ मधून १५ गेले, राहिले १४, आणि १८:१३ प्रमाणे सन्हेरीब आला ते हिज्कीयाच्या राज्याचं १४वं वर्ष. म्हणजे २०वा अध्याय मागे असला तरी घटना हल्ल्याच्या सुमाराचीच आहे, २०:६ मध्ये शहर वाचवीन असं वचनही आहे. बाबेलच्या दूतांना हिज्कीया भरलेलं भांडार दाखवतो, ते खंडणीत रिकामं व्हायच्या आधीचंच असणार ना. (गादीवर बसल्याचं साल कोणी इ.स.पू. ७१५ धरतं, कोणी ७२७ च्या आसपास, त्यात पहिल्याच वाचनात अडकू नका.)

२०:२० मधलं पाण्याचं काम वाचून पुढे पळू नका. गीहोन झऱ्याचं पाणी शहरात आणणारा साधारण ५३३ मीटरचा बोगदा आजही आहे, बहुतेक अभ्यासक तो हिज्कीयाचाच मानतात. १८८० मध्ये त्यात एक लेख सापडला. दोन्ही टोकांकडून खणणाऱ्यांना शेवटी शेवटी खडकापलीकडून एकमेकांचे आवाज ऐकू आले आणि कुदळीला कुदळ भिडली असं त्यात आहे. राजाचं नाव त्यात नाही, फक्त खणणारे.

शेवटी २१:१ पण वाचाच. हिज्कीयाचा मुलगा मनश्शे गादीवर बसला तेव्हा १२ वर्षांचा. वाढवून मिळालेली वर्षं १५. म्हणजे हा मुलगा त्या १५ वर्षांतच जन्मला, आणि २१:३ मध्ये बापाने पाडलेली उच्च स्थानं तोच परत बांधतो.