कार्डिफहून बॅरी : आधी गोदी पाहावी, मग किनारा

भुसावळ, जळगाव किंवा धुळ्याहून मुलामुलींच्या शिक्षणानिमित्त वेल्समधील कार्डिफला जाणारे पालक एखाद्या रविवारी बॅरी आयलंडच्या वाळूवर दोन तास बसून परत येतात. समुद्राचे अप्रूप असलेल्या आपल्या खानदेशी माणसाला तो किनारा आवडतोच. परंतु ज्या गोदीमुळे बॅरी हे गाव वसले ती न पाहता परतणे हे मला दीपस्तंभ पाहून जहाज न पाहण्यासारखे वाटते. म्हणून सकाळ गोदीसाठी आणि दुपार किनाऱ्यासाठी ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवाव्यात. ब्रिस्टल खाडीतील भरती जगातील सर्वांत मोठ्या भरतींपैकी आहे. मुंबईला पाणी चार-साडेचार मीटर चढते, तर येथे मोठ्या भरतीच्या दिवसांत ते दहा मीटरांहून अधिक चढते. त्यामुळे एकाच दिवशी एकाच जागी कोरडा चिखल आणि खोल पाणी अशी दोन दृश्ये पाहायला मिळतात. ओहोटीच्या दोन-अडीच तास आधी बॅरीत पोहोचता येईल अशी गाडी निवडावी. प्रवासाला कार्डिफ सेंट्रलहून सुमारे अर्धा तास लागतो. काही गाड्या बॅरी आयलंडला संपतात, तर काही पुढे ब्रिजेंडकडे वळतात. आपण मात्र त्याआधीच्या बॅरी डॉक्स स्थानकावर उतरायचे असल्याने सकाळी यांपैकी कोणतीही गाडी चालते.

स्थानकाजवळच लाल विटांची आणि फिकट दगडाची भव्य गोदी-कचेरी आहे. आज तेथे स्थानिक परिषदेचे कामकाज चालते. तिच्यासमोर डेव्हिड डेव्हिस यांचा पुतळा असून त्यांच्या हातात गोदीचा नकाशा आहे. या पुतळ्यापाशी थोडा वेळ थांबावे, कारण गावाचा सारा इतिहास त्या नकाशात आहे. डेव्हिस दक्षिण वेल्समधील ऱ्होंडा खोऱ्यातील कोळसा खाणींचे मालक होते. त्यांचा कोळसा कार्डिफच्या गोदीत, जी ब्यूट घराण्याच्या ताब्यात होती, गर्दीमुळे अडकून पडत असे. म्हणून त्यांनी आणि इतर खाणमालकांनी १८८४ मध्ये संसदेची मंजुरी मिळवली, खाणींपासून समुद्रापर्यंत स्वतःचा लोहमार्ग टाकला आणि १८ जुलै १८८९ रोजी स्वतःची गोदी सुरू केली. त्यापूर्वी येथे जेमतेम काहीशे लोकांची वस्ती होती.

येथून पाण्याच्या कडेने पश्चिमेकडे चालावे. आता काठावर नव्या इमारती आहेत, त्यामुळे जुने चित्र मनातच उभे करावे लागते. ऱ्होंडाचा कोळसा कमी धूर देणारा आणि भरपूर वाफ करणारा असल्याने जगभरच्या जहाजांना तो हवा असे. कोळशाने भरलेली वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, उंच उचलून तिरकी केली जाई, कोळसा घसरणीवरून जहाजाच्या पोटात पडे आणि आत उतरलेले मजूर फावड्यांनी तो सारखा पसरत. १९१३ मध्ये या एका बंदरातून १ कोटी १० लाख टन कोळसा बाहेर गेला आणि बॅरी जगातील सर्वांत मोठे कोळसा-निर्यात बंदर ठरले. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्राकडे जाणाऱ्या मालगाड्या आपण रोज पाहतो. आजच्या तशा एका गाडीत सुमारे चार हजार टन कोळसा धरला, तर वर्षभर दररोज सात-आठ गाड्या रिकाम्या होत होत्या, तेही दहा-दहा टनांच्या लहान वाघिणींतून.

भुसावळच्या माणसाने येथे आणखी एक गोष्ट आठवावी. ब्रिटिश रेल्वेने वाफेची इंजिने मोडीत काढली तेव्हा गोदीकाठच्या रुळांवर डाय वुडम यांच्या भंगारखान्यात २९७ इंजिने आली. वाघिणी तोडणे सोपे असल्याने त्यांनी आधी ते काम हाती घेतले आणि इंजिने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे उभी राहिली. त्यांपैकी २१३ इंजिने हौशी मंडळींनी १९६८ ते १९९० या काळात विकत घेऊन वाचवली आणि त्यांतील कित्येक आजही धावतात. माझे बालपण भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, शेडमधील इंजिनांच्या शिट्ट्या ऐकत गेले. त्यामुळे हा काठ मला कोणत्याही संग्रहालयापेक्षा जवळचा वाटतो.

पुढे लागणाऱ्या बांधावरून बेटाकडे जावे. बॅरी आयलंड पूर्वी खरोखरच बेट होते. गोदी खोदताना मधली खाडी बांधली गेली आणि ते जमिनीला जोडले गेले. बांधाच्या पश्चिमेला जुने बंदर आहे. ओहोटीला ते पूर्ण कोरडे पडते, तेव्हा होड्या चिखलात कलंडलेल्या दिसतात. तो चिखल वरून घट्ट वाटला तरी त्यात पाय रुततात, म्हणून खाली उतरू नये. १८९६ मध्ये रेल्वे बेटापर्यंत आली आणि कोळसा आणणाऱ्या त्याच खोऱ्यांतून खाणकामगारांची कुटुंबे सुट्टीला वाळूवर येऊ लागली.

व्हिटमोर बे हा मुख्य किनारा दोन भूशिरांच्या मध्ये आहे. जेवणासाठी आदल्या रात्री केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत न्यावी. शाकाहारी मंडळींनी दुकानातील बटाट्याचे तळलेले काप घेण्यापूर्वी ते मासे तळलेल्याच तेलात तळतात का, हे विचारून घ्यावे. जूनमध्येही वारा बोचरा असतो, त्यामुळे पावसाळी जाकीट आवश्यक आहे. जेवणानंतर पूर्वेकडील नेल्स पॉइंटवर चढावे आणि तेथून चढती भरती पाहावी.

परतीची गाडी बॅरी आयलंड स्थानकातून घ्यावी व उजव्या बाजूच्या खिडकीत बसावे, म्हणजे सकाळी पायी पाहिलेले गोदीचे पाणी पुन्हा एकदा दिसते.