सरळ हँडलच्या सायकलला ड्रॉप हँडल बसवताना या चुका टाळा

हायब्रिड सायकलवर रोजचे तीस-चाळीस किलोमीटर सहज होऊ लागले, रविवारची सासवडची फेरी अंगवळणी पडली आणि दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेचा (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीचा) विचार डोक्यात घोळू लागला, की बहुतेकांना सरळ हँडलची एक उणीव खुपू लागते. त्यावर हात ठेवायला एकच जागा असते. तीन-चार तासांनी तळवे बधिर होतात, मनगटे दुखू लागतात आणि समोरून वारा सुटला तर खाली वाकून बसण्याची सोय नसते. रोड बाइकला असते तसे, टोके पुढे जाऊन खाली वळलेले ड्रॉप हँडल या तिन्ही तक्रारींवर चांगला उपाय आहे, आणि नवी रोड बाइक घेण्याऐवजी आहे त्याच सायकलला ते बसवून घ्यावे हा विचारही गैर नाही. गैर असते ते पहिले पाऊल, कारण जवळजवळ प्रत्येक जण आधी हँडल विकत घेऊन घरी येतो.

मीही तेच केले होते. हँडल हा या कामातला तुलनेने स्वस्त भाग आहे आणि तो सर्वांत शेवटी ठरवायचा असतो, हे ध्यानात येईपर्यंत माझ्या कपाटात चुकीच्या मापाचे एक हँडल, एक स्टेम (हँडल पकडून ठेवणारा पुढचा दांडा) आणि ब्रेकच्या लिव्हरची एक जोडी जमा झाली होती. सरळ हँडलच्या नळीचा मुठीजवळचा व्यास 22.2 मिलिमीटर असतो, तर ड्रॉप हँडलचा 23.8 मिलिमीटर. या दीड मिलिमीटरच्या फरकामुळे जुने ब्रेक लिव्हर आणि जुने शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) नव्या हँडलवर चढतच नाहीत. कानशीने घासून किंवा क्लॅम्प फाकवून ते बसवण्याचा प्रयत्न करणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो प्रयत्न करू नये. म्हणजे हँडल बदलायचे ठरवले की लिव्हर आणि शिफ्टर बदलणे ओघानेच आले, आणि ते सायकलच्या ब्रेकशी व डिरेलरशी (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाशी) जुळतात की नाही हाच या सगळ्या कामातला खरा प्रश्न आहे.

ब्रेक आणि लिव्हर यांची जोडी न पाहणे

ही चूक सर्वांत महागात पडते, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. लिव्हर दाबल्यावर किती केबल ओढली जाते, हे प्रत्येक लिव्हरचे ठरलेले असते. व्ही-ब्रेकच्या, म्हणजे रिमच्या दोन बाजूंना दोन उभ्या भुजा असलेल्या ब्रेकच्या, भुजा लांब, सुमारे 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असतात. त्यामुळे पॅड रिमला टेकवण्यासाठी केबल पुष्कळ ओढावी लागते, मात्र तिच्यावर जोर कमी पुरतो. सरळ हँडलचे लिव्हर याच हिशेबाने बनवलेले असतात. रोड बाइकच्या ब्रेकचा हिशेब उलटा आहे. तिथे केबल थोडीच ओढायची पण जोराने ओढायची असते, म्हणून ड्रॉप हँडलचे नेहमीचे लिव्हर व्ही-ब्रेकच्या लिव्हरच्या मानाने जवळपास निम्मीच केबल ओढतात.

ही विजोड जोडी जमवली तर काय होते, ते घरी उभ्या सायकलवर कळत नाही. पॅड रिमच्या अगदी जवळ, कागदाइतकी फट ठेवून लावले की चाक थांबते आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. मी तसाच बोपदेव घाट चढलो. उतरताना दुसऱ्या वळणापर्यंत पॅड थोडे झिजले, नवी केबल थोडी सैल पडली आणि लिव्हर दाबता दाबता थेट हँडलला टेकला. त्यापुढे दाबायला जागाच उरली नव्हती. दोन्ही लिव्हर मुठीत आवळून आणि एक पाय रस्त्यावर घासत मी कडेच्या खडीत सायकल थांबवली. रिम केसभर जरी वाकडी असली, तरी एवढ्या जवळ लावलेले पॅड सतत घासत राहतात, हे आणखी वेगळे.

यावर उपाय आहेत, पण प्रत्येकाची काही ना काही किंमत आहे. 80 ते 90 मिलिमीटर भुजांचे छोटे व्ही-ब्रेक रोड लिव्हरशी बऱ्यापैकी जुळतात, परंतु त्यांच्याखाली जागा कमी असल्याने जाड टायर किंवा मडगार्ड अडकण्याची शक्यता असते. टेक्ट्रो आरएल520 यांसारखे लिव्हर खास व्ही-ब्रेकसाठी जास्त केबल ओढणारे असतात. ते विश्वासाचे आहेत, पण त्यांत गिअरचा शिफ्टर नसतो, त्यामुळे गिअरची सोय हँडलच्या टोकाला लावायच्या बार-एंड शिफ्टरने करावी लागते. लिव्हर आणि ब्रेक यांच्या मध्ये बसवायची छोटी कप्पीही मिळते. ती केबलची ओढ वाढवते, मात्र त्या अरुंद वळणावर केबलचे धागे लवकर तुटतात, म्हणून मला ती फारशी पसंत नाही.

डिस्क ब्रेक असले म्हणजे हा प्रश्न सुटला, असे समजू नये. केबलवर चालणाऱ्या डिस्क कॅलिपरचेही (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचेही) दोन प्रकार असतात. एव्हिड बीबी7 हा कॅलिपर रोडसाठी वेगळा आणि माउंटन बाइकसाठी वेगळा मिळतो, आणि दोन्ही दिसायला इतके सारखे असतात की जुन्या बाजारात घेताना हमखास फसगत होते. टीआरपीचा स्पायर हा रोड लिव्हरसाठी आहे आणि स्पाइक हा जास्त केबल ओढणाऱ्या लिव्हरसाठी. सायकलला हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारी, डिस्क असेल, तर तिचे लिव्हर ड्रॉप हँडलवर येणार नाहीत आणि ड्रॉप हँडलचे हायड्रॉलिक लिव्हर घ्यायचे म्हटले, तर त्या किमतीत पुष्कळदा जुनी पण धड रोड बाइक मिळते. अशा सायकलच्या मालकाला माझा सल्ला एवढाच असतो, की हा नाद सोडावा आणि सरळ हँडलला शिंगांसारखे बार-एंड लावून हाताला दुसरी जागा करून घ्यावी. ब्रेव्हेला ड्रॉप हँडलच हवे असा काही नियम नाही, आणि 200 किलोमीटरसाठी मिळणारे साडेतेरा तास सरळ हँडलवरही पुरतात.

लांबीचा हिशेब न करणे

सरळ हँडलवर तुमचे तळवे साधारणपणे हँडल जिथे स्टेममध्ये पकडलेले असते त्याच रेषेत किंवा किंचित मागे असतात. ड्रॉप हँडलचे वळण मात्र आधी 70 ते 80 मिलिमीटर पुढे जाते, मग त्यावर लिव्हरचा हूड (रबरी आवरण असलेला वरचा भाग) येतो, आणि बहुतेक वेळ हात ठेवायचा असतो तो याच हूडवर. एकंदरीत हात नऊ-दहा सेंटिमीटर पुढे जातात. शिवाय सरळ हँडलच्या सायकलची फ्रेम मुळातच रोड बाइकपेक्षा लांब ठेवलेली असते. 100 मिलिमीटरचा स्टेम काढून 60 चा लावला, तरी चारच सेंटिमीटर परत मिळतात. उरलेले पाच-सहा सेंटिमीटर पाठ आणि मान यांना सोसावे लागतात.

या अडचणीवर सर्वाधिक केला जाणारा उपाय म्हणजे सीट पुढे सरकवणे, आणि तो चुकीचा आहे. सीटची जागा पेडल आणि गुडघा यांच्या संबंधातून ठरते, हँडलवरून नव्हे. ती पुढे ओढली की पाठीचा त्रास गुडघ्यात उतरतो. त्याऐवजी खरेदीच्या आधीच एक साधी तपासणी करावी. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर लांबीचे दोन तुकडे घ्यावेत, ते सरळ हँडलच्या वर, खांद्यांच्या रुंदीइतक्या अंतरावर, नऊ-दहा सेंटिमीटर पुढे येतील असे चिकटपट्टीने व प्लॅस्टिकच्या टायने घट्ट बांधावेत आणि सायकल भिंतीला टेकवून, तिच्यावर बसून त्या टोकांवर पाच मिनिटे हात ठेवावेत. दिसायला हा प्रकार हास्यास्पद आहे, सोसायटीतली मुले विचारतातही, पण कोपर ताठ होत आहेत की सैल राहत आहेत हे त्यातून नेमके समजते. कोपर ताठ होत असतील तर फक्त 70 मिलिमीटरच्या आसपास पुढे जाणारे आखूड हँडल, छोटा आणि वर उचललेला स्टेम एवढे उपाय उरतात. तेही पुरणार नसतील, तर ती फ्रेम या कामाची नाही, हे मान्य करावे. एरवी जी फ्रेम तुम्हाला किंचित लहान वाटते, तीच या बदलासाठी चांगली ठरते.

रुंदीच्या बाबतीत घोळ कमी होतो. दोन खांद्यांच्या हाडांमधले अंतर मोजून त्याच्या जवळचे 40, 42 किंवा 44 सेंटिमीटरचे हँडल घ्यावे.

गिअर आपोआप जुळतील असे गृहीत धरणे

इथे नशिबाने बरीच साथ मिळते. शिमानोच्या आठ आणि नऊ स्पीडच्या माउंटन बाइकच्या मागच्या डिरेलरला आणि रोडच्या आठ-नऊ स्पीडच्या शिफ्टरला केबलची ओढ सारखीच लागते. म्हणजे मागे आठ गिअर असलेल्या हायब्रिडला शिमानोच्या क्लॅरिस मालिकेचे आणि नऊ असलेल्या सायकलला सोरा मालिकेचे शिफ्टर लावले, तर मागचा डिरेलर, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणि चेन यांना हात लावावा लागत नाही. दहा स्पीडला मात्र ही साथ संपते. शिमानोचा माउंटन बाइकचा दहा स्पीड डिरेलर त्यांच्याच रोडच्या दहा स्पीड शिफ्टरशी जुळत नाही. दोन-तीन गिअर बरोबर पडतात, बाकीच्यांवर चेन खडखडत राहते, आणि माणूस उगाच स्क्रू पिळत बसतो. गिअरची संख्या सारखी म्हणजे जोडी जुळली, असा अर्थ काढू नये.

पुढच्या डिरेलरचे दुखणे आणखी चिवट आहे. हायब्रिडला पुढे बहुधा तीन चकत्या आणि माउंटन बाइकच्या जातीचा डिरेलर असतो, आणि त्याला लागणारी ओढ रोडच्या शिफ्टरपेक्षा वेगळी असते. मधल्या चकतीवरून मोठीवर चेन चढतच नाही, किंवा चढली तर पलीकडे पडते. माझ्या मते यावर दोनच सरळ मार्ग आहेत. पुढच्या डिरेलरसाठी टप्पे नसलेला, फ्रिक्शनवर चालणारा शिफ्टर लावावा, जो कोणत्याही डिरेलरला हाताच्या अंदाजाने चालवतो; किंवा पुढे एकच चकती ठेवून डावा शिफ्टर कायमचा विसरावा. दुसरा मार्ग सुटसुटीत आहे, पण तो निवडण्याआधी घाटाचा हिशेब मांडावा. पुढे 28 आणि मागे 32 दात असताना मिनिटाला 60 वेळा पायडल फिरवून 700सी चाकावर सायकल ताशी सुमारे 6.8 किलोमीटर वेगाने चढते. पुढे 40 ची एकच चकती आणि मागे 34 असतील, तर त्याच पायगतीला वेग सुमारे 9.1 किलोमीटर राखावा लागतो. सामान बांधून चढताना हा फरक मांड्यांना चांगलाच जाणवतो.

स्टेम, केबल आणि टेप

हँडल ज्या जागी स्टेममध्ये पकडले जाते, तिथला व्यास 25.4, 26.0 किंवा 31.8 मिलिमीटर असतो. 26.0 चे जुने रोड हँडल 25.4 च्या स्टेममध्ये ठोकून बसवणे किंवा त्याच्या उलट करणे धोक्याचे आहे. डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून व्हर्नियरने मोजावे. ज्या स्टेमचा पुढचा भाग सुटा होत नाही, त्यातून ड्रॉप हँडलची वळणे ओवणे बहुतेक वेळा अशक्यच असते.

स्टेम बदलताना पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांचा चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) हमखास खाली घसरतो आणि हेडसेटचे, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या सांध्याचे, बेअरिंग फरशीवर पडतात. चिमटा एका हाताने धरूनच स्टेम काढावा. पुन्हा बसवताना वरच्या टोपीचा बोल्ट आधी बेताने आवळावा, कारण त्याचे काम स्टेम पकडणे नसून बेअरिंगमधला ढिलेपणा काढणे एवढेच आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवावी, खट्खट् थांबली आणि हँडल सहज वळले की मग चाक सरळ करून बाजूचे बोल्ट स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कने आवळावेत. उलट क्रमाने केले, तर टोपी कितीही पिळली तरी ढिलेपणा जात नाही.

जुन्या केबल पुन्हा वापरायचा मोह टाळावा. सरळ हँडलच्या ब्रेक केबलचे डोके आडव्या पिंपासारखे असते, रोड लिव्हरला ते लहान व नासपतीच्या आकाराचे लागते. बाजारात दोन्ही टोकांना वेगवेगळी डोकी असलेली केबल मिळते, आणि घाईत नेमके हवे ते डोके कापले जाते. कापण्यापूर्वी लिव्हरमध्ये बसवून पाहावे. गिअरची आउटर (केबलवरची बाहेरची नळी) ब्रेकला कधीही लावू नये. तिच्यातल्या तारा लांबीच्या दिशेने असतात आणि ब्रेकच्या जोराने ती फुटू शकते. रोड शिफ्टरवर गिअरची केबल ताणायचा बारीक नट नसतो, म्हणून पुढच्या गिअरच्या केबलच्या वाटेत एक इनलाइन अॅडजस्टर आठवणीने घालावा. आउटरची लांबी ठरवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे आणि मगच ती कापावी.

हँडलवरचा टेप लगेच गुंडाळू नये. आठवडाभर उघड्या हँडलवर, केबल इन्सुलेशन टेपने बांधून सायकल चालवावी, कारण हूड थोडे वर, थोडे आत असे दोन-तीनदा तरी सरकवावे लागतात आणि गुंडाळलेला टेप उकलला की त्याचा चिकटपणा जातो. याच आठवड्यात ब्रेकची केबल एकदा पुन्हा ताणावी आणि सपाट, रिकाम्या रस्त्यावर दोन्ही लिव्हर पूर्ण जोराने दाबून पाहावेत; लिव्हर आणि हँडल यांच्यात बोटभर तरी अंतर उरले पाहिजे. समाधान झाले की टेप खालच्या टोकापासून सुरू करून, ताण देत, बाहेरच्या बाजूला वळवत वर न्यावा आणि दोन्ही टोकांना प्लग ठोकावेत. प्लग नसलेली नळीची उघडी कड पडल्यावर मांडीत घुसते, त्यामुळे एक हरवला तर नवा मिळेपर्यंत बाटलीचे बूच कापून बसवले तरी चालेल.